मचाणावर चार बोटं पाणी

जर्मन घरमालक हेर वीगांड, म्हणजे वीगांडसाहेब, यांना शिकारीचं मचाण बांधून द्यायचं मयुरेशने कबूल केलं, हे ऐकून त्याच्या बायकोने, नीताने, हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"तुला भिंतीत खिळा मारता येत नाही. घड्याळ अजून फ्रिजवर आडवं पडलंय."

"अगं, त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, मग चालायला शिकवणारं ते उपचार केंद्र, रेहा. मे महिन्यात हरणांचा सीझन सुरू होतो. आणि आपला घराचा करार सप्टेंबरला संपतोय."

या शेवटच्या वाक्यावर नीताने लाटणं पुन्हा उचललं. जर्मनीत, एश्बॉर्नच्या आसपास, भाड्याचं घर शोधायचं म्हणजे पन्नास माणसांच्या रांगेत उभं राहून कुणा परक्याच्या न्हाणीघराचं कौतुक करायचं. ते तिने एकदा केलं होतं, पुन्हा करायची तिची अजिबात तयारी नव्हती. करार वाढवायचा विषय काढला की हेर वीगांड फक्त "माल झेएन" म्हणत, म्हणजे 'बघू'. आणि 'बघू' म्हणजे काय, हे मराठी माणसाला निराळं सांगावं लागत नाही.

"पण हरणं मारायला खोली आपण बांधायची?" ती म्हणाली.

"आपण फक्त वॉटरप्रूफिंग करायचं, नीता. पाप ज्याचं त्याचं," सोफ्यावरून उत्तर आलं.

सोफ्यावर मयुरेशचे वडील होते. पद्माकरराव कोथरूडहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि पहिल्याच आठवड्यात कंटाळून अर्धे झाले होते. तिकडे ते सोसायटीचे सेक्रेटरी. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गच्चीच्या गळतीशी लढण्यात घालवली होती. त्या लढाईत गळती सोडून बाकी सगळे हरले होते.

हेर वीगांडनी रेहाला जाण्यापूर्वी रानातली ओढ्याकाठची जागा दाखवली आणि चित्र काढून दिलं. चार उंच पाय, त्यावर लाकडी खोली, बंदुकीसाठी फट, वर उतरतं छप्पर. काम सोपं होतं. पद्माकररावांनी चित्र लांब धरून पाहिलं.

"छप्पर उतरतं का?"

"पाणी वाहून जायला, बाबा."

"वाहून गेलं तर गळतंय की नाही, हे कळणार कसं?"

मयुरेश प्रोजेक्ट मॅनेजर होता. मीटिंगमध्ये उत्तर सुचलं नाही की "या, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणायची त्याला सवय होती. तेच तोंडातून गेलं आणि मचाणाला सपाट गच्ची आली, चारी बाजूंनी कठडा आला, डांबरी पत्र्याचे दोन थर आले. त्यावर पद्माकररावांनी बासमतीची रिकामी गोणपाटं भिजवून अंथरली.

"लाकडाला क्युरिंग लागत नाही, बाबा. पाणी सिमेंटला मारतात."

"असू दे. मनाला बरं वाटतं."

मग परीक्षा. गच्ची चार बोटं पाण्याने भरायची आणि आठवडाभर तशीच ठेवायची. मयुरेशने खालच्या ओढ्यातून बादल्या भरून शिडीवरून वर नेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी दोनच बोटं उरलं होतं.

"ऊन," पद्माकरराव म्हणाले.

"पाच दिवसांत सूर्य दिसला नाही इथे."

"दिसत नाही, पण असतो. तू भर."

मयुरेश रोज भरू लागला. एका संध्याकाळी तो बादली घेऊन वर पोचला, तर कोपऱ्यातल्या गोणपाटांच्या ढिगावर एक बदकीण बसलेली. त्याने शुक् शुक् केलं. ती उठली नाही, उलट त्याच्या बोटाला चावली. तिच्या पोटाखाली अंडी होती.

हे सगळं कुत्रं फिरवायला आलेल्या एका बाईंनी खालून पाहिलं आणि निसर्गसंरक्षण कार्यालयात फोन केला. तिथल्या अधिकारीण आल्या, शिडी चढल्या आणि आनंदाने फुलून उतरल्या. त्यांनी मचाणाला पाटी ठोकली. पिल्लं जाईपर्यंत इथे कुणी फिरकायचं नाही. सगळं आहे तसंच राहील, पाणीसुद्धा. रोज पाणी घालायला तेवढं एका माणसाने चढावं.

"बांधलं कुणी हे?" त्यांनी विचारलं.

"मी," पद्माकरराव इंग्रजीत म्हणाले. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

इकडे नीताने लॅपटॉप उघडून घरांच्या जाहिराती बघायला सुरुवात केली आणि मधेच तिला रडू आलं. शिकाऱ्याच्या मचाणावर शिकारीलाच बंदी आणणारा भाडेकरू कोण ठेवून घेईल?

शनिवारी हेर वीगांड कुबड्या घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली. मग मान वर करून मचाणाचा माथा शोधला.

"माझं छप्पर कुठे आहे?"

मयुरेशने वर बोट दाखवलं. "आहे ना. पाण्याखाली आहे."

हेर वीगांडचा चेहरा बिटासारखा झाला. त्यांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात झाडामागून गावच्या वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन पुढे आला. अधिकारीणबाईंनीच त्याला कळवलं होतं, आणि तो मालकाची वाट बघत थांबला होता. एका बदकिणीसाठी सीझन सोडणारे शिकारी आपणच का, असं त्याने आदराने विचारलं.

हेर वीगांडनी तोंड मिटलं. कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग हळूच एक हात शिडीवर ठेवून ते म्हणाले, "हो. माणसाला काळीज असावं लागतं."

फोटो पहिल्या पानावर आला. बेकरीवाल्या बाईंनी त्यांना फुकट केक दिला, शिकारी मंडळात सगळे उठून उभे राहिले. तिथून पुढे हेर वीगांड रोज मचाणाखाली खुर्ची टाकून दुर्बिणीने बदकं बघत बसू लागले. पिल्लं ओढ्यात उतरली त्या दिवशी तर ते चक्क रडले. "दर वर्षी यायला हवीत," म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात ते वर नीताकडे आले. तिने शिरा केला होता.

"ही बदकं केवढं पाणी पितात हो," ते म्हणाले. "रोज भरावं लागतं, आणि मला या पायाने शिडी जमणार नाही." त्यांनी नवा करार टेबलावर ठेवला. मुदत नव्हती. अट एकच होती: दर वसंतात भाडेकरूने गच्ची भरलेली ठेवायची.

नीताने तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि त्यांच्या ताटलीत आणखी शिरा वाढला.

ते खाली गेल्यावर मयुरेश वडिलांजवळ सरकला. "बाबा, आज मी मचाणाच्या खोलीत डोकावलो. आत धो धो गळतंय."

"पहिल्या दिवसापासून," पद्माकरराव शिऱ्यातला बेदाणा शोधत म्हणाले.

"आणि तुम्ही ऊन ऊन करत होतात? मी उद्याच वर जाऊन बुजवतो."

"खबरदार," पद्माकरराव म्हणाले. "गळलं नसतं, तर पाणी भरायला भाडेकरू कशाला लागला असता?"