देवरामाच्या चित्रफितीस्तव जाहलेल्या कार्डमोहिमेची हकिकत

गणरायास वंदन आणि वाचणारांस विनंती. डोंबिवली पूर्व येथील औदुंबरछाया सहकारी गृहनिर्माण संस्था, मजले चार, बिऱ्हाडे अठ्ठावीस, फाटक एक, येथे मेमरी कार्डाचे निवडीवरून जे थोर प्रकरण माजले, ते पुढील पिढ्यांस ठाऊक असावे म्हणोन लिहितो. डोळ्यांनी पाहिले ते लिहिले, जिन्यात ऐकिले ते ताडून लिहिले, आणि व्हॉट्सॲपचे गटावर वाचिले ते जसेचे तसे उतरविले, कारण तेथे कोणीही आपला शब्द मागे घेत नाही. कोणाचा मुलाहिजा ठेविला नाही, आणि ठेवावा ऐसे कोणी वागलेही नाही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मासी, संस्थेचे फाटकावर आत येणाराची नोंद घेणारे ॲप बसविले, आणि सव्वीस वर्षे ज्याने ते फाटक राखिले तो देवराम, मूळ मुरबाडकडील, याची चाकरी आता नलगे ऐसा ठराव अध्यक्षा विनिताबाईसाहेब यांचे सदरेवर एकमते मंजूर जाहला. सर्वांचे मनास थोडे लागले. थोडेच, कारण पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. मग बाईसाहेबांनी देवरामास बोलावून फर्माविले की, जाता जाता काय हवे ते माग. लोकांस वाटले, मिक्सर मागेल. त्याने अर्ज केला तो ऐसा:

"बाई, मना काय नको. सगल्यांचा एक पिक्चर काढा गच्चीवर. घरी नातवांना दाखवीन. सगल्यांची तोंडं दिसली पायजेत, येवढंच."

हे ऐकोन सदर गहिवरली, आणि चौथे मजल्यावरील राजश्री सौमित्र, संगणकाचे कारखान्यात मोठे हुद्द्यावर परंतु घरीच बसोन चाकरी करणार, यांनी उठोन विडा उचलिला की, मजपाशी उडते यंत्र आहे, ज्यास ड्रोन म्हणतात, त्याने वरून ऐसे चित्र घेतो की एक माणूस सुटणार नाही. यंत्र होते, पंख होते, बॅटऱ्या दोन होत्या. पोटात घालावयाचे नखाएवढे मेमरी कार्ड, ज्यावर चित्र उतरते, ते तेवढे नव्हते.

सौमित्राने चपला घालोन कोपऱ्यावरचे दुकान गाठले असते आणि कार्ड आणिले असते, तर ही बखर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु संस्थेचे सचिव गुरुदत्तपंत, विम्याचे कचेरीतून निवृत्त, पेन्शन शाबूत आणि वेळ मुबलक, यांनी गटावर खलिता घातला की, कार्ड कोणते घ्यावे येविशी जाणकारांनी मत द्यावे. डोंबिवलीत जाणकारांस तोटा कोठला! एका प्रहरात एकशे चाळीस मते आली आणि संस्थेत दोन फळ्या पडल्या. कार्डाचे अंगावर बारीक खुणा असतात, कार्ड चित्र किती वेगे गिळते ते त्यांवरून कळते, आणि वेग कमी पडला तर चित्र मध्येच अडकते. गुरुदत्तपंतांचे पुण्याचे जावई म्हणाले, यू-तीन ही खूण पाहूनच घ्या. सौमित्राने चौदा व्हिडिओ पाहोन निवाडा केला की, व्ही-तीस ही खूण नसेल तर कार्ड कचऱ्यात टाका. जावयाचा शब्द आणि व्हिडिओचा शब्द, दोन्ही मागे घेता येईनात. मग तळमजला व पहिला मजला यू-तीनकडे गेला, तिसरा व चौथा व्ही-तीसकडे, आणि दुसरा मजला दोन्हीकडे अंगठे दाखवीत राहिला.

अकरा दिवस युद्ध चालिले. लिफ्टमध्ये बोलणे बंद जाहले. रथसप्तमीचे हळदीकुंकू दोन ठिकाणी जाहले, एक गुरुदत्तपंतांचे कुटुंब सरोजवहिनी यांचे घरी आणि एक सौमित्राचे मातोश्रींचे घरी, आणि दोन्हीकडे वाण म्हणोन प्लॅस्टिकचे तेच डबे वाटले. सौमित्राने हात जोडोन लिहिले, "काका, प्लीज, व्ही-तीस फायनल करा ना, उगाच लफडं नको." पंतांनी उलट हुकूम धाडिला की, काका म्हणोन दबाव आणू नये. या अकरा दिवसांत देवरामाचे नाव गटावर कितीदा आले म्हणाल, तर एकदा, ते पंप बंद कर म्हणोन.

बारावे दिवशी गुरुदत्तपंत कोणास न सांगता कल्याणावर चालोन गेले, आणि स्थानकाबाहेर पदपथावर मांडलेले एक कार्ड मातीमोलाने घेऊन आले, ज्यावर जगातील यच्चावत खुणा छापिल्या होत्या. विजय जाहलाच म्हणोन त्यांनी सौमित्रास शहाडास उल्हास नदीचे काठी नेले आणि चाचणीचा हुकूम दिला. यंत्र उडाले, नदीवर फिरले, पूल पाहोन परतले. कार्डात पाहिले तो अर्धा मिनिट पंतांच्या चपला, आणि पुढे काळोख. कार्ड बनावट निघाले. ऐसी शिकस्त खाऊनही पंतांनी गटावर लिहिले ते हे की, नदीवर वारा फार होता.

रविवारी दुपारी बारा वाजता कल्याणाहून देवरामाची मुरबाडची एसटी होती. शनिवार उजाडला तरी कार्ड नाही. मग विनिताबाईसाहेबांनी दोन्ही सरदारांस दटावून हुकूम केला की, आज कार्डाविना परत येऊ नये. डोंबिवलीत कार्डे मिळत नाहीत ऐसे नाही, पायलीला पन्नास मिळतात. परंतु बरी वस्तू ठाण्यासच मिळते हा डोंबिवलीकराचा वडिलोपार्जित विश्वास, सबब दोघे कूच करोन टेंभी नाक्याजवळ एका दुकानी दाखल जाहले आणि गल्ल्यासमोर पुन्हा लढू लागले. दुकानदार चहा पीत होता. तो घोट गिळोन बोलिला, "काका, काय भांडता? यू-तीन न् व्ही-तीस, दोन्हीचा स्पीड एकच असतो. हे बघा, ह्या कार्डावर दोन्ही छापलंय." पाहतात तो खरेच, नखाएवढे कार्डावर दोन्ही खुणा शेजारी शेजारी, जशा दोन जावा एका ओट्यावर.

येथे शहाणी माणसे असती तर हसली असती आणि चहा मागविती. आमच्या सरदारांनी कार्ड घेतले, आणि परतीचे वाटेवर यू-तीन वर छापिले आहे की व्ही-तीस, यावरून कोपर येईतो कुरबुर केली.

रविवारी सकाळी दहा वाजता सारी संस्था गच्चीवर जमली. त्रेसष्ट माणसे, नव्या साड्या, इस्तरीचे सदरे. देवराम मधोमध उभा, गणवेश धुतलेला, टोपी सरळ. सौमित्राने एक बॅटरी कार्डाची परीक्षा घेण्यातच संपविली होती, दुसरी घालोन त्याने यंत्र वर सोडिले. यंत्र डोक्यांवर येऊन स्थिर जाहले आणि चित्र उतरू लागले. नेमके तेच क्षणी गुरुदत्तपंतांस इतिहासाची जबाबदारी आठवली, आणि त्यांनी गटावर विजयपत्र धाडिले: "अखेर यू-तीनच!" त्रेसष्ट खिशांत व पर्सांत एकदम टुणटुण जाहले. तिसऱ्या मजल्याने उत्तर दिले, तळमजल्याने प्रत्युत्तर दिले, दुसऱ्याने अंगठे दाखविले, आणि खुद्द सौमित्र यंत्र तसेच अधांतरी ठेवोन दोन्ही अंगठ्यांनी व्ही-तीसचा झेंडा रोवू लागला. यंत्र बिचारे सांगितल्या जागी घरघरत राहिले. त्याची बॅटरी उतरली तेव्हा ते आपले आपण खाली आले, आणि पुन्हा उडविण्यास बॅटरी नव्हती, वेळही नव्हता.

खाली कचेरीत कार्ड संगणकात घातले. चित्र ऐसे स्वच्छ की प्रत्येकाचा भांग दिसे, टक्कल दिसे, हातांतील फोनवर गटाचा हिरवा रंग दिसे. साऱ्या माना खाली. त्या साऱ्या गच्चीत तोंड एकच वर होते, देवरामाचे, आणि ते हसत होते. कोणास लाज वाटली ऐसे लिहावे वाटते, परंतु ते खोटे होईल. गुरुदत्तपंत म्हणाले, "पण क्लॅरिटी बघा!" सौमित्र म्हणाला, "तेच तर सांगत होतो, व्ही-तीस."

देवराम पडद्याशी वाकोन एकेका डोक्यावर बोट ठेवीत नावे घेऊ लागला, हे सचिवसाहेब, ह्या सरोजवहिनी, हे चौथ्या माल्याचे, एकही नाव चुकेना. विनिताबाईसाहेबांनी विचारिले, "अरे देवराम, तोंडं कुठे आलीत? तुला कळतं कसं?"

"न वलखायला काय झालं बाई," तो बोलिला, "धा-बारा वर्सं झाली, फाटकातनं अशीच तर जातात सगली."

यावर सदर जेवणाची वेळ म्हणोन उठली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कार्डाने एकही क्षण गाळला नाही, सबब ते शिक्का मारलेले लिफाफ्यात संस्थेचे कपाटी ठेविले, आणि दोन्ही फळ्यांनी आपापला विजय कार्यवृत्तात स्वतंत्र नोंदविला. देवरामास चित्रफितीची प्रत द्यावी, हा विषय पुढील सभेपुढे ठेविला. तो अकरास पिशवी घेऊन निघाला. फाटकापर्यंत पोहोचविण्यास कोणी गेले किंवा कसे, हे कार्डात उतरलेले नाही, आणि नव्या ॲपात बाहेर जाणाराची नोंद होत नाही, म्हणोन येथेही लिहिले नाही.