वॉर्नमिन्स्टर धर्मप्रांतातील एका सोयीचा इतिहास

देव सर्वव्यापी आहे. पण आमच्या इंग्लंडमधल्या चर्चमध्ये त्याला स्वतःचं बाक दोन फूट सरकवायचं झालं, तरी धर्मप्रांताच्या सल्लागार समितीकडे रीतसर अर्ज करावा लागेल. या समितीचा मी जुना सभासद आहे, आणि तो अर्ज मंजूर होईलच अशी खात्री मी देवालाही देणार नाही.

आमचा वॉर्नमिन्स्टर धर्मप्रांत संत एल्डविथ यांनी स्थापला. ते दलदलीत वाट चुकून इथे आले आणि परतीची वाट कुणी दाखवेना, म्हणून राहिले. (धोरण ठरवण्याची ही पद्धत आम्ही आजही पाळतो.) पुढे एका राजाला बायको बदलायची होती, तेव्हा आम्ही तडकाफडकी रोमपासून वेगळे झालो. त्यानंतर जवळपास पाचशे वर्षांत आमच्याकडे तडकाफडकी असं काहीही झालेलं नाही.

जुन्या काळी एक बिशप, एक घोडा आणि तीनशे पाद्री असा सुटसुटीत कारभार होता. आता एक थोरले बिशप, दोन धाकटे बिशप, चार आर्चडीकन (म्हणजे बिशपांचे मुकादम), एक संवाद अधिकारी, एक आशा अधिकारी आणि एक परिवर्तन अधिकारी आहेत. शेवटच्या पदावर चोवीस वर्षं एकच गृहस्थ आहेत. पाद्री एकसष्ट उरलेत. घोडा केव्हाच वारला, पण तबेला उपसमिती नियमित भरते आणि तिचं कामकाज आदर्श मानलं जातं.

अशा या भक्कम व्यवस्थेला निदरकोम गावच्या विनिफ्रेड टॅपस्कॉटबाईंनी आव्हान दिलं. बाईंचं वय चौऱ्याऐंशी. लग्न झाल्यापासून त्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. चर्च नऊशे वर्षांचं, आणि त्यात ती सोय नाही. (आमच्यात तो शब्द उच्चारत नाहीत. अर्जातही ‘उपासकांच्या दीर्घकालीन उपस्थितीस पूरक कक्ष’ असंच लिहिलं होतं.) त्यामुळे प्रवचन सुरू झालं की बाई हळूच उठत, रस्ता ओलांडून ‘तीन कबुतरं’ या पबात जात आणि पुढच्या भजनाला धापा टाकत परत येत. एका हिवाळ्यात त्या बर्फावर घसरल्या. मनगट वाचलं, पण त्यांनी निक्षून सांगितलं, “नाताळपर्यंत सोय करा, नाहीतर ऑर्गनची किल्ली घ्या आणि भजनं मोबाइलवर लावा.”

चर्चमध्ये ही सोय कुणालाच नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. छतात वटवाघळं आहेत. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे आणि ती सोय त्यांना हवी तिथे आहे, विशेषतः तिसऱ्या रांगेत.

अर्जावर समिती त्याआधीच सात वर्षं साधकबाधक विचार करत होती. फरशीखाली एखादा शूर सरदार पुरलेला असावा, अशी एक शंका होती. सरदार नसल्यास त्याच्या नसण्याचे अवशेष बिघडतील, अशी दुसरी. शेवटी एका सोमवारी आम्ही सात सभासद आर्चडीकन हार्ग्रेव्हसाहेबांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष पाहणीला गेलो.

“बाई,” साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “नऊशे वर्षं लोकांनी इथे कळ काढली आहे.”

“आणि ते सगळे मेले, साहेब,” बाई म्हणाल्या. “चहा घ्या.”

चर्च गारठलेलं होतं. आम्ही चहा घेतला. मग पुन्हा घेतला. आमच्याकडे कुणी देवाचं अस्तित्व नाकारलं तर त्यावर परिसंवाद होतो. म्हाताऱ्या बाईने पुढे केलेला चहा नाकारण्याची हिंमत अजून कुणी केलेली नाही. सरदारावरची चर्चा लांबत गेली तशी बाईंची किटली फिरत राहिली. तिसऱ्या फेरीनंतर साहेबांनी पायावर पाय टाकला. पाचव्यानंतर ते एका खांबाला टेकले.

“बाई, इथे जवळपास एखादी… म्हणजे…”

“एखादी काय, साहेब?”

साहेबांना घाम फुटला. “एखादी… जुनी वास्तू?”

“हीच की! बसा ना निवांत. अर्धा कप देऊ?”

“समोरचा तो पब…”

“सोमवारी बंद. पबवाला लेकीकडे जातो.”

समितीच्या इतिहासात प्रथमच एकमत झालं. ठराव उभ्याउभ्याच मांडला गेला. सूचक आर्चडीकन, अनुमोदक बाकीचे सगळे. त्यानंतर आम्ही दफनभूमीमागच्या झुडपांची पुरातत्त्वीय पाहणी केली, प्रत्येकाने स्वतंत्रपणे.

नाताळच्या आधी कक्ष तयार झाला. थोरल्या बिशपांनी फीत कापली आणि जगातल्या सर्व तिष्ठणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. बाईंनी त्या दिवशी ऑर्गन असा वाजवला की वटवाघळंही क्षणभर थांबली. मला मनापासून आनंद झाला.

आता एक बारीक परिणाम समितीच्या नजरेतून सुटला होता, तेवढा नोंदवतो. गावचे पाद्री क्रिस्पिन यो इतकी वर्षं नऊ मिनिटांत प्रवचन उरकत, कारण बाई पबातून परतल्या की थेट ऑर्गन सुरू करत. आता घाई राहिली नाही. पाद्रीबुवांचं प्रवचन पन्नास मिनिटांवर गेलं. बाईंनीही त्याचा त्रास करून घेतला नाही. चर्चमधली तेवढीच एक खोली उबदार आहे. प्रवचन सुरू झालं की बाई रहस्यकथा घेऊन आत जातात आणि कडी लावतात. बाहेर रांग लागते. दार वाजलं की आतून ठणठणीत आवाज येतो, “आहे मी! अजून खुनी सापडायचाय!”

बावीस उपासकांपैकी सतरा जण रांगेत असतात. शेजारच्या गावांतूनही लोक येऊ लागलेत. आशा अधिकाऱ्यांनी आपल्या अहवालात याला ‘श्रद्धेचं पुनरुज्जीवन’ म्हटलं आहे, आणि असे आणखी चाळीस कक्ष प्रस्तावित आहेत.

वाचकहो, तुम्ही गालातल्या गालात हसताय, ते ठीक आहे. घरात काही कामं असतील, कुणी काही सांगू पाहत असेल, आणि तुम्ही हा मजकूर शांतपणे शेवटपर्यंत वाचलात. कुठे बसून वाचलात, ते मी विचारणार नाही. पण बराच वेळ झालाय, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय.