मास्तर दारात उभे आहेत

त्या शनिवारी पप्पा ओसरीत उभे राहून फोनशी भांडत होते.

"मेघा, याचं रिचार्ज संपलंय. कर ना गं."

मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "उद्या करते."

"आणि उद्या चर्चला येतेस ना?"

"ऑनलाइन बघते, पप्पा."

हे उत्तर मी चार वर्षं देत होते. पहाटे पप्पा गेले. झोपेतच. रिचार्ज राहिलं.

पप्पा म्हणजे शांतवन मास्तर, निवृत्त शिक्षक आणि छावणीतल्या आमच्या छोट्या चर्चचे सेक्रेटरी. टाळेबंदीत उपासना फोनवर गेली. टाळेबंदी उठली, पण मंडळी काही पलंगावरून उठली नाहीत! ज्याला विचारावं तो म्हणे, "ऑनलाइन बघतो." बाकांवर नऊ डोकी उरली, तीही प्रवचन देणारे पाळकसाहेब आणि पेटीवाला धरून.

पप्पा गेल्यावर दीड महिन्यानं पाळकसाहेब घरी आले. "येत्या रविवारी वरच्या कमिटीचे साहेब पाहणीला येतायत. तीस माणसं दिसली नाहीत, तर इथली उपासना बंद. मोठ्या चर्चला जोडणार आपल्याला."

पप्पांनी तीस वर्षं दर रविवारी उघडलेलं दार! मी छातीठोकपणे म्हणाले, "तीस कशाला? चाळीस आणते!"

महामारीनंतर चर्चच्या मंडळ्या पुन्हा कशा उभ्या कराव्यात यावर मी तीन पुस्तकं वाचली होती. पेन्सिलीनं खुणा करून! तक्ताही काढला होता, चार रंगांत. नव्हते फक्त लोकांचे नंबर. ते पप्पांच्या फोनमध्ये. शनिवारी दुपारी मी तो चार्ज केला आणि राहिलेलं रिचार्ज मारलं.

फोन लगेच वारं भरल्यासारखा थरथरायला लागला. जाण्याआधीच्या त्या शनिवारी पप्पांनी एकेकाच्या नावानं बोलून ठेवलेले निरोप नेटवाचून अडकले होते. ते धडाधड सुटले. त्रेचाळीस! मी थांबवायचं बटण शोधेपर्यंत सगळे पोचलेसुद्धा.

पहिला फोन दगडाबाईंचा.

"मेघा! तुझ्या बापाचा निरोप आलाय मला!"

"मावशी, जुना आहे तो."

"जुना कसा? ऐक. 'दगडाबाई, गुडघा दुखतो म्हणता, मग शहागंजात भाजीला कशा जाता? उद्या साडेनऊला मी दारात उभा आहे. हजेरी घेणार!' उद्या म्हणालाय गं! अन् उद्या रविवारच हाय!"

चितेगावच्या कंपनीतल्या कडुबानं तर थेट पप्पांना उत्तर लिहिलं : "मास्तर, नक्की येतो. तुम्ही तसदी घेऊ नका."

गोजरबाई अजिबात घाबरल्या नव्हत्या. "मास्तरला विचार, तिथं वर आमची साळू भेटली का? माझी पाटली तिनं कुठं ठेवली, तेवढं इचारून घे म्हणावं."

मग पाळकसाहेब. "मलाही आलाय. 'प्रवचन वीस मिनिटांत आटपा. लोक कोरोनाला नाही, तुम्हाला घाबरून येत नाहीत.' अहो, उद्या मी पुनरुत्थानावर बोलणार होतो! विषय बदलतो."

मी रात्रीपर्यंत एकेकाला समजावत बसले. जितकं समजावलं तितकी बातमी पसरली. माझ्याही फोनवर एक निरोप आला होता. तो मी उघडला नाही. कामं होती.

रविवारी नऊलाच चर्चबाहेर ही गर्दी! पण मोठ्या दारातून कुणी आत जाईना. तिथं मास्तर उभे ना! सगळे बाजूच्या छोट्या दारातून, उशिरा आलेल्या पोरांसारखे, अंग चोरून शिरत होते. दगडाबाईंनी तर गुडघा विसरून दोन पायऱ्या एका ढांगेत गाठल्या. आत गेलं की प्रत्येकजण मोकळ्या दाराकडं बघून हळूच म्हणे, "हजर, मास्तर!"

कमिटीचे साहेब चक्रावले. "ही काय पद्धत?"

"नवी आहे," पाळकसाहेब घाम पुसत म्हणाले. "महामारीनंतर सुरू केली."

"छान! इतर चर्चनाही कळवू." साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि दोनदा डोकी मोजली. "एकोणचाळीस."

तीसची अट केव्हाच पार झाली होती. माझ्या फुशारकीत मात्र एक कमी!

मी मोठ्या दाराबाहेर उभी होते. दुसरं कुणी तिथं उभं राहायला तयार नव्हतं. कामं संपली होती. मी फोन कानाला लावला.

"मेघा, ऑनलाइन बघते म्हणतेस. बघणारे सात असतात. सातही मला पाठ आहेत. तरी दर रविवारी मी कॅमेऱ्याकडं बघून एकदा हात हलवतो. आठवी आलीच तर, म्हणून."

आतून दगडाबाई ओरडल्या, "अगं मेघा, तुझी हजेरी राहिली की!"

एकोणचाळीस माना वळल्या. मी उंबऱ्यावर आले आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "पप्पा, मी एकदाही बघितलं नाही. झोपलेली असायचे. आज हजर आहे."