वाघपट्ट्यांच्या मोहिमेची हकीकत

श्रोतेजनीं चित्त स्थिर करून ऐकावे. गॅलरीच्या मुलखात रंगाची मोहीम कैसी मांडली आणि कैसी तडीस गेली, ते वर्तमान येणेप्रमाणे.

पुतणीसाहेबांचा नवा कृत्रिम पाय आला, आणि त्याचे नारिंगी कवच पाहताच हुकूम सुटला की, यावर वाघाचे पट्टे पाहिजेत, उद्या शाळेत जाण्याआधी पाहिजेत. काकासाहेब मोठे हौशी. तत्काळ विडा उचलला, आणि हवेच्या जोराने रंग फवारणारा एअरब्रश, हवा पुरवणारा कॉम्प्रेसर व काळा रंग ऐसा सरंजाम घेऊन गॅलरीत डेरेदाखल झाले.

मग घात जाहला. मागील स्वारीनंतर एअरब्रश धुतलाच नव्हता, सबब जुना रंग तोटीत वाळून मोर्चा धरून बसलेला. काकासाहेबांस क्रोध आला, आणि कोणाची मसलत न घेता हवेचा दाब विसावरून थेट साठावर नेला. तो रंग एकाएकी उसळला, आणि पट्ट्याचे जागी पाय फाकलेला कोळी उमटला. पुतणीसाहेबांचा चेहरा पडला. तोटी पुन्हा तुंबली. तेव्हा हवा उलटी फिरवावी या इराद्याने काकासाहेबांनी तोटीवर अंगठा दाबला, इतक्यात काकूसाहेब चालून आल्या.

"अहो, अंगठा काढा आधी! एवढ्या दाबाने रंग कातडीत घुसला म्हणजे?"

"अगं, एकदाच बघतो..."

"काही बघायचं नाही. बंद करा ते."

येणेप्रमाणे सरदारकी बदलली. काकूसाहेबांनी कॉम्प्रेसर बंद करवून नळीत कोंडलेली हवा सोडली, आणि एअरब्रशातील सुई अलगद मागे ओढून पुसली, आणि तोटी साफसफाईच्या द्रवात भिजत घातली. काकासाहेबांची नेमणूक कोळी पुसण्याचे कामी झाली. ते फडके घेऊन रुजू जाहले. मग खिडक्या उघडून, तोंडास मास्क बांधून, दाब विसावर आणून, आधी रद्दी कागदावर हात बसवून काकूसाहेबांनी एकेक पट्टा ओढला. कोठे ओघळ नाही, कोठे शिंतोडा नाही.

दुसरे दिवशी आईसाहेबांनी नेहमीची लांब पँट पुढे केली. पुतणीसाहेबांनी ती नामंजूर करून अर्धी मागितली, आणि सर्वांदेखत, ताठ मानेने, रस्त्याने चालत्या झाल्या. मोहीम फत्ते जाहली.

काकासाहेब ते समयी गॅलरीत, रात्री धुतलेला एअरब्रश पुन्हा धूत उभे होते. डोळे का पाणावले ऐसे पुसता, रंग उडाला म्हणाले. एअरब्रशात नुसते पाणी होते, हेही दप्तरी नमूद असावे.