दुधरामची न्याहारी

दुधराम मांदाडे सकाळी उठला की तोंड धुवायच्या आधी खिडकीतून नाक बाहेर काढायचा. डोकं नाही, फक्त नाक. आमच्या खोलीच्या खिडकीचे गज इतके जवळजवळ होते की त्यांतून दुसरं काही बाहेर जाणं शक्यच नव्हतं. डोळे मिटून तो लांब श्वास घ्यायचा, थोडा वेळ थांबायचा, आणि डॉक्टरने निदान सांगावं तशा आवाजात सांगायचा, "आज गुलगुल्याची हवा हाये."

मग आम्ही गुलगुले खायचो.

ऐंशी सालानंतरची ती चौथी-पाचवी वर्षं. आम्ही दोघं चंद्रपूरला बी.एस्सी. करत होतो. माझे वडील जंगल खात्यात, बदली अहेरीला. दुधरामचं गाव वडशाच्या बाजूचं, तळ्याकाठचं. त्याचे वडील ढिवर, म्हणजे तळ्यातली मासोळी आणि शिंगाडा यांवर जगणारे. आम्हा दोघांना इंदूबाई नावाच्या एका विधवा बाईंनी घरामागची खोली दिली होती, आणि देताना एकच अट घातली होती: खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही.

दुधरामने पहिल्याच आठवड्यात स्टोव्ह आणला.

"बाई काय म्हणतील?" मी विचारलं.

"बाईले सकाळी भूक लागत नाई का?" त्याने उलट मलाच विचारलं.

त्याचं म्हणणं साधं होतं. जेवण म्हणजे पोट भरणं. ते कुठेही, कसंही होतं. पण न्याहारी मोसमाप्रमाणे पाहिजे. थंडीत वेगळी, पावसाळ्यात वेगळी, आणि चैत्रात तर अगदीच वेगळी. आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये बाराही महिने आलूबोंडा मिळायचा. दुधरामला त्याचा मनापासून राग होता. "बारा महिने आलूबोंडा खानाऱ्या माणसाले काय समजते बे, पानी पडून राह्यलं का थंडी वाजून राह्यली?" असं तो कँटीनमध्ये उभा राहून, खाणाऱ्यांच्या तोंडावर म्हणायचा. त्यामुळे त्याला मित्र बेताचेच होते.

चंद्रपूरच्या हवेवरही त्याचा विश्वास नव्हता. एकीकडे कोळशाच्या खाणी, दुसरीकडे ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या. थंडीतलं धुकं कुठलं आणि धूर कुठला ते ओळखू यायचं नाही. कधीकधी बराच वेळ नाक बाहेर ठेवूनही त्याला निदान करता यायचं नाही. मग तो चिडून आत यायचा. "इथी हवेत महिनाच सापडत नाई," म्हणायचा. अशा दिवशी आम्ही चहा-पाव खाऊन कॉलेजला जायचो आणि तो दिवसभर गप्प असायचा.

स्टोव्ह पेटला त्या पहिल्या सकाळी त्याने आयते केले होते. तांदळाच्या पिठाचं पातळ, जाळीदार धिरडं. त्याला त्यांच्याकडे आयते म्हणतात. वास अंगणात गेला आणि त्यामागोमाग इंदूबाई आल्या. पदर खोचलेला, आवाज चढलेला. "काय ठरलं होतं आपलं? सामान बांधा दोघंही!" दुधरामने एका ताटलीत गरम आयता घातला, बाजूला गूळ विरघळवलेलं पाणी ठेवलं आणि ताटली त्यांच्यापुढे धरली. बाईंनी रागातच एक तुकडा मोडला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

दुधरामने मान डोलावली आणि पिठात मीठ घातलं.

"अन् तवा जास्त तापवलास."

त्याने स्टोव्ह बारीक केला. बाई उंबऱ्यावर बसल्या. सामान बांधायचं त्या विसरल्या ते विसरल्याच. पुढे पुढे तर सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातूनच हाक यायची, "दुधराम, काय म्हणते रे हवा?"

एकच प्रसंग असा आला की आमची खोली खरोखरच जायची वेळ आली. तो मोहफुलांचा. उन्हाळा लागायच्या सुमाराला दुधराम गावाहून येताना पिशवीभर मोहफुलं घेऊन आला. वाळवलेली फुलं भाजून, तीळ घालून कुटायची आणि लाडू वळायचे, असा बेत होता. फुलं भाजायला घेतली आणि तो गोडसर, उग्र वास गल्लीत पसरला. मोहफुलाचं दुसरं काय होतं ते चंद्रपुरात सांगावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की इंदूबाईंच्या मागच्या खोलीत पोट्टे दारू गाळून राह्यले.

दुसऱ्या दिवशी बाईंचे थोरले भाऊ आले. ते हवालदार होते आणि नुकतेच रिटायर झाले होते, पण अजून त्यांच्या चालण्यात गस्त होती. त्यांनी आमची गादी उलटवली, बादलीत वाकून पाहिलं, माझी केमिस्ट्रीची परीक्षानळीसुद्धा हुंगली. शेवटी त्यांना लाडवांचा डबा सापडला.

"हे काय आहे?"

"मोहाचे लाडू हायेत भाऊ," दुधराम म्हणाला. "खाऊन पाहा. चैत्रातच खायाचे रायते."

"चढतात?"

"नाई चढत."

हवालदारांचा विश्वास बसला नाही. पुरावा म्हणून त्यांनी एक लाडू खाल्ला. मग खात्री करायला दुसरा खाल्ला. तिसरा हातात घेऊन ते खुर्चीवर बसले आणि चढण्याची वाट पाहू लागले. आम्ही दोघं समोर उभे. बराच वेळ झाला तरी काही झालं नाही. शेवटी ते उठले, डबा काखेत मारला, "तपासाला नेतो," म्हणाले आणि गेले. डबा आठवड्याने घासूनपुसून परत आला. सोबत निरोप होता, की पुढच्या वर्षी तीळ थोडे जास्त घालावेत.

अभ्यासात दुधराम वाईट नव्हता, पण त्याचं डोकं सरळ चालायचं नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच्यापुढे शिंगाड्याचा वेल ठेवला आणि याबद्दल काय माहिती आहे ते सांगा म्हणाले. दुधराम मुळांपासून सुरू झाला, पानांच्या फुगीर देठांपर्यंत बरोबर गेला आणि फळापाशी येऊन घसरला. ओला शिंगाडा कसा ठेचावा, मंद आचेवर किती वेळ परतावा, गूळ कधी घालावा आणि हा शिरा थंडीच्या दिवसांत सकाळी, ऊन अंगणात यायच्या आधीच का खावा, हे सगळं त्याने सांगितलं. आमचे सर घाम पुसत उभे होते. परीक्षक सकाळच्या गाडीने उपाशीच आलेले असावेत. त्यांनी त्याला मध्येच थांबवलं नाही. तो पास झाला.

या सगळ्या पाककृतींच्या आधी दुधरामचं एक वाक्य ठरलेलं असे. "आमच्या घरी..." आमच्या घरी पौषात माय पहाटेच उठून शिंगाड्याचा शिरा करते. आमच्या घरी श्रावणात कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाची वडी झाल्याशिवाय कोनी घराबाहेर पडत नाई. आमच्या घरी कोहळ्याचे बोंडे आमचा बाप गरमच खाते, थंडे झाले का हात लावत नाई. ऐकून ऐकून त्याच्या घराचं एक चित्रच माझ्या डोळ्यांपुढे तयार झालं होतं. मोठं स्वयंपाकघर, भिंतीला लावलेल्या बरण्या, चुलीवर सतत काहीतरी शिजतंय आणि त्याची आई घामाघूम होऊन तळतेय.

माझी स्वतःची आई मी लहान असतानाच गेली होती. अहेरीला वडिलांचा शिपाई स्वयंपाक करायचा. त्यामुळे असेल, पण दुधरामच्या घरी एकदा तरी जायचंच, हे माझ्या मनाने घेतलं होतं. मी विषय काढला की तो टाळायचा. कधी घर शाकारायचं असायचं, कधी आईला बरं नसायचं, कधी रस्त्यात नाल्याला पाणी असायचं. मे महिन्यातसुद्धा त्या नाल्याला पाणी असायचं.

शेवटच्या वर्षी थंडीत आम्ही वडशाला नाटक पाहायला गेलो. त्या दिवसांत तिकडे गावोगावी नाटकं असतात, पहाटेपर्यंत चालतात. नाटक सुटलं तेव्हा उजाडत होतं आणि आमची छोट्या लाइनची, नॅरोगेजची गाडी दुपारी होती. मी म्हटलं, "चल, तुझ्या घरी जाऊ. पौषच चालू आहे. शिंगाड्याचा शिरा खाऊ."

तो म्हणाला, "इथीच कुठी खाऊन घेऊ ना."

पण मी चालायला लागलो होतो. मग तोही आला. एरवी वाटेतल्या प्रत्येक झाडाकडे खाण्याच्या दृष्टीने पाहणारा हा माणूस त्या वाटेवर माझ्या दहा पावलं मागे चालत राहिला. नाल्यात पाणी नव्हतं.

घर तळ्याच्या पाळीला लागूनच होतं. कुडाच्या भिंतींची एकच खोली. दाराला नुसती कडी घातलेली. आत चूल थंड होती. कोपऱ्यात एका पातेल्यात रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवला होता, त्यावर ताटली आणि ताटलीवर मिठाचा खडा आणि मिरची. बरण्या वगैरे काही नव्हतं. दुधरामने माझ्यासाठी पोतं अंथरलं आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याची आई आली. गुडघ्यापर्यंत लुगडं ओलं, डोक्यावर शिंगाड्यांची टोपली, बोटं थंड पाण्याने पांढरी पडलेली. पहाटेपासून नवऱ्याबरोबर तळ्यात होती. मला पाहून ती गांगरली.

"पावना आला, अन् घरात काईच नाई बाप्पा! सांगून तरी याचं होतं."

"मावशी, काही करू नका," मी म्हणालो. मला काय सुचलं कुणास ठाऊक, बरं वाटावं म्हणून पुढे म्हणालो, "दुधराम नेहमी सांगतो, तुमच्या हातचा शिंगाड्याचा शिरा, आयते..."

"माह्या हातचा?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "मले कुठी येते? आमी सकाळी पेज पितो अन् जातो. न्याहारी कराले घरात असते कोन?"

दुधराम जमिनीकडे बघत होता.  त्याची आईच पुढे सांगू लागली, टोपली उतरवता उतरवता, हसून.

"लहान होता तं माह्यासंगं वडशाले याचा, मासोळ्या विकाले. लोकायच्या घरी सकाळी सकाळी जावं लागे ना. मी दारात वजन करून राह्यली, का हा बाजूले उभा राहून नाक वर करे. मी म्हणो, काऊन रे पोट्ट्या, काय हुंगून राह्यला? तं म्हणे, माय, यायच्या घरी आज गोड हाये. घरी येतपर्यंत तेच. या घरी असं असन, त्या घरी तसं असन. रस्ताभर माहं डोस्कं खाये."

"कोणी द्यायचं नाही का?" मी विचारलं.

"काऊन देतीन? आमी मासोळ्या विकाले जावो."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शिंगाडे पाण्यात घालायला ती उठली. तेव्हा दुधरामने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"माय, तू बस," तो म्हणाला.

"काऊन?"

"बस मनलं ना."

त्याने चूल पेटवली. टोपलीतले ओले शिंगाडे सोलले आणि पाट्यावर ठेचले. शेजारच्या घरून गूळ आणि पीठ आणलं. तूप नव्हतं; जवसाच्या तेलातच शिरा परतला. मग तवा तापवून त्यावर नव्या तांदळाच्या पिठाचे आयते घातले. चंद्रपूरच्या खोलीत हे करताना तो सतत बोलत असे, आम्हाला शिकवत असे. इथे तो एकसारखा चाखून बघत होता. आई मध्येच पाणी द्यायला उठायची, मध्येच लाकूड सारायला उठायची. "बस ना वं माय," तो प्रत्येक वेळी म्हणायचा. मग ती बसायची आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून दोन्ही हात पदरात गुंडाळायची.

वडील आले तेव्हा धुराने घर भरलं होतं. जाळं खुंटीला अडकवून ते दारातच उभे राहिले. दुधरामने त्यांना आत बोलावून खाली बसवलं आणि तिघांपुढे ताटल्या ठेवल्या. वडील खाली मान घालून खाऊ लागले. ताटली संपल्यावर त्यांनी ती पुढे सरकवली आणि दुधरामने पुन्हा वाढलं.

आईने शिऱ्याचा पहिला घास घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

"हा कोनाच्या घरचा वास होता रे?" तिने विचारलं.

"टेसनाजवळच्या मास्तरनीच्या."

ती आठवत राहिली. बाहेर तळ्यावरचं धुकं विरत होतं. दुधराम चुलीपाशी उकिडवा बसला होता, हातात उलथणं, तिच्या तोंडाकडे बघत. हवालदारांना, परीक्षकांना, कँटीनभर पोरांना ठणकावून सांगणारा हा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "माय, असाच रायते ना हा शिरा?"

तिने तो आयुष्यात पहिल्यांदाच खाल्ला होता. तिने आणखी एक घास घेतला, विचार केल्यासारखं केलं आणि ठामपणे म्हणाली,

"हो. असाच रायते."