मास्तरांचा मागचा ॲक्सल

नकाशे मास्तर व्हॅनखाली उताणे पडून पुढच्या ॲक्सलच्या दांड्याचे फेरे मोजत होते, तेवढ्यात बायकोने वरून विचारलं, "अहो, जेवायला वाढू का?"

"तीन... थांब गं... किती झाले?"

"मला काय विचारता? मी ताटं घेत होते."

मास्तरांनी अंदाजाने साडेतीन धरले, आणि तिथेच घोटाळा झाला.

तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. डोंगरापलीकडचं निळं तळं फळ्यावर किती वेळा काढलं असेल, पण प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. रस्ता वाईट, सुट्टी अपुरी, मुलगी लहान. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी जुनी व्हॅन घेतली, आत पलंग आणि शेगडी बसवली आणि चारही चाकांना जोर मिळावा म्हणून पुढेही ॲक्सल जोडला. त्या खटाटोपात मागच्याने मान टाकली.

"मागचा बदला," मेस्त्री म्हणाला होता, "पण चाक एकदा फिरलं की मधला दांडा किती वेळा फिरतो, तो आकडा पुढे-मागे एकच हवा. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरंच."

"म्हणजे आमच्या घरासारखं," बायको म्हणाली.

भंगारवाल्याकडे साडेतीनचा एकच ॲक्सल निघाला, तोही ट्रकचा. तो बसवल्यावर चाकं दोन्हीकडून वीतभर बाहेर आली. ती झाकायला पत्रे ठोकले, तर सरकतं दार पत्र्याला अडलं. म्हणून मागे नवं दार कापलं. दारासाठी पलंग पुढे घेतला आणि पलंगामुळे शेगडी थेट ड्रायव्हरच्या कोपराशी आली. एवढं सगळं करून चारही चाकांना जोर दिला, तेव्हा व्हॅन दोन हात पुढे गेली, कण्हली आणि धाडकन बंद पडली.

मेस्त्रीने खाली शिरून पुन्हा मोजलं. "मास्तर, पुढचा आकडा चारच्या वर आहे हो!"

मास्तर मटकन पायरीवर बसले.

"जाऊ द्या," मेस्त्री समजुतीने म्हणाला. "तळ्यापर्यंत आता डांबरी रस्ता झालाय. रोज सकाळी बस सुटते."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती भलतीकडेच बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"मी जाऊन आले," ती हळूच म्हणाली. "मागच्या वर्षी ताई आली होती, तेव्हा. तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही गाडीखालून म्हणालात, 'जॅक दे.'"

मास्तरांनी तेलकट हात फडक्याला पुसले. मग त्यांनी विचारलं, "खरंच निळं आहे?" आणि घाईघाईने हात वर केला. "नको, सांगू नकोस."

"नाही सांगत."

"रस्ता तेवढा सांग. कसा आहे?"

रस्ता आरशासारखा होता. बसमध्ये तिला चक्क झोप लागली होती. तिने त्यांच्या काळवंडलेल्या नखांकडे पाहिलं.

"भयंकर," ती म्हणाली. "खड्डेच खड्डे. साध्या गाडीचं कामच नाही."

मेस्त्रीने तोंड उघडलं. तिने त्याच्या पायावर पाय दिला.

"आणि... दरडीही कोसळतात," मेस्त्री कळवळून म्हणाला.

मास्तर ताठ झाले. डोळ्यांत चमक आली. "आणि चिखल?"

"चिखलाचं तर विचारूच नका," बायको म्हणाली. "गुडघाभर!"