टिपणीस साहेब टॅबलेट बघायला जातात

सन दोन हजार चोवीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षातले जवळजवळ सगळे बुधवार मी टिपणीस साहेबांबरोबर एका दुकानात उभं राहून घालवले. साहेब दर बुधवारी अकरा वाजता टॅबलेट बघायला जायचे. घ्यायला नाही, बघायला. लोक मुलगी बघायला जातात तसे. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, चष्मा दोनदा पुसलेला, खिशात वही. मांडून ठेवलेला नवा टॅबलेट उचलायचे, पालथा करायचे, कडेवरून नख फिरवायचे, कानाशी नेऊन हलवायचे. मग अलगद जागेवर ठेवून म्हणायचे, "कळवतो."

तीन वर्षं झाली, त्यांनी काही कळवलं नव्हतं.

दुकानात डॅना नावाची एक बाई होती, पन्नाशीतली. ती लांबूनच ओरडायची, "मिस्टर टी! टुडे इज द डे?" साहेब मान हलवायचे आणि तिला इंग्रजीत सांगायचे की इन्स्पेक्शन अजून बाकी आहे. माझे पाय दुखायचे. तिथं बसायला एक स्टूलसुद्धा नाही.

मी अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला मुलाकडे राहतो. मुलगा त्या मोठ्या बिनखिडक्यांच्या इमारतींपैकी एकीत कामाला आहे, सगळ्या जगाचे कॉम्प्युटर म्हणे तिथं ठेवलेत. सून घरातूनच काम करते, दार लावून. मी चौथी शिकलो. कराडला चाळीस वर्षं ऑइल इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त केले. मला इंग्रजी येत नाही आणि आता शिकणारही नाही. पण यंत्र म्हणजे यंत्र. ते कुठल्या भाषेत बिघडत नाही.

टिपणीस साहेबांचं घर आमच्या रांगेतलं शेवटचं. पन्नास वर्षांपूर्वी ते या देशात आले आणि जन्मभर पूल तपासत हिंडले. नदीवरचा पूल असो, रस्त्यावरचा असो, हे खाली दोरीला लोंबकळून हातोडीनं ठोकून बघणार आणि रिपोर्ट लिहिणार: पाडा, किंवा डागडुजी करा, किंवा आहे तसा राहू द्या. आता रिटायर झाले तरी ठोकून बघायची सवय गेलेली नाही. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची ठोकून बघितली होती. इथली सगळी मंडळी त्यांना काका म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा पाचच वर्षांनी लहान, मी कसा काका म्हणणार? मी साहेब म्हणतो. ते मला मिस्त्री म्हणतात. मला ते आवडतं. इथं दुसरं कुणी म्हणत नाही.

तर त्यांचा जुना टॅबलेट. दहा वर्षांचा. काचेला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा, त्यावर चिकटपट्टी. चार्जिंगची वायर नुसती खुपसून चालायचं नाही. ती एका बाजूला वाकवायची, खाली हिंगाची डबी सरकवायची, आणि वरून इंग्रजी डिक्शनरी ठेवायची. तरच त्यात वीज जायची. कुणी टेबलाला धक्का दिला की संपलं. आणि चालता चालता तो मधेच मान टाकायचा. स्क्रीन काळी. साहेब शांतपणे म्हणायचे, "गेला." मग तो परत जागा होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा.

"काका, जस्ट बाय इट यार," माझा मुलगा त्यांना म्हणाला होता. "दहा वर्षं म्हणजे म्युझियम पीस झाला."

"अजून उभा आहे ना?" साहेब म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. टॅबलेटबद्दल, त्यांच्या गुडघ्यांबद्दल, आमच्या महाराष्ट्र मंडळाबद्दलसुद्धा. अजून उभा आहे ना?

स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा कागद लावला होता. नवा घेतल्याचे फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला. फायद्यांच्या बाजूला बारीक अक्षरात वीसेक ओळी. तोट्यांच्या बाजूला तीनच. मला वाचून दाखवायचे. पहिला तोटा, वजनाला हलका आहे, हातात काही धरलंय असं वाटत नाही. दुसरा, वायरचं तोंड वेगळं आहे. तिसरा तोटा मला कधी कळला नाही. एका बुधवारी डॅनानं नवा टॅबलेट बंद करून पुन्हा चालू करून दाखवला. "ट्वेंटी सेकंड्स!" ती म्हणाली आणि अशी हसली जशी काही तिनंच तो केलाय. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: फार लवकर सुरू होतो.

"साहेब, हा तोटा कसा काय?" मी गाडीत विचारलं.

"विषय टेक्निकल आहे, मिस्त्री."

चौथी शिकलेल्या माणसाला असं म्हणू नये. मी घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

पण माझंही मत पक्कं होतं, आणि मी ते जाईन तिथं सांगत होतो. चालती वस्तू टाकून नवी आणणं हा माज आहे. मंडळाच्या दिवाळीला चारचौघांत मी म्हणालो होतो, "मी जिवंत आहे तोवर साहेबांना नवा टॅबलेट घेऊ देणार नाही. बिघडला असला तर दुरुस्त होईल." लोक हसले. मी हसलो नाही.

आणि डिसेंबरात एका सोमवारी मी तो दुरुस्त केला.

साहेब आत चहा टाकत होते. टॅबलेट टेबलावर, वायर हिंगाच्या डबीवर, वर डिक्शनरी. मी डिक्शनरी उचलली, वायर काढली, चष्मा कपाळावर सरकवून त्या भोकात बघितलं. आत लोकर. साहेब त्याला शाल गुंडाळून ठेवायचे, त्या शालीचे दहा वर्षांचे धागे आत गच्च बसले होते. पंपाच्या नळीत शेवाळ बसतं तसे. दात कोरायची काडी घेतली आणि हळूहळू सगळं बाहेर काढलं. वायर लावली. टक्. सरळ बसली. डबी नको, पुस्तक नको. साहेब चहा घेऊन येईपर्यंत त्यात वीज भराभर चढत होती. पोटभर वीजच मिळत नव्हती बिचाऱ्याला, म्हणून तो मान टाकत होता. एवढंच.

मी लोकरीचा बोळा बशीत ठेवून त्यांच्यापुढे केला. शाबासकी मिळावी म्हणूनच केला, खोटं कशाला बोलू.

साहेबांनी बोळा बघितला. टॅबलेट बघितला. वायर हलवून बघितली, टेबलाला धक्का देऊन बघितला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ते म्हणाले.

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. त्या बुधवारी गेलो नाही. शनिवारी त्यांचा फोन आला, सुनेला म्हणालो, झोपलोय म्हणून सांग. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकानं पैसे बुडवले असतील, पण बिघाड काढला म्हणून कुणी रागावलं नव्हतं.

रविवारी सकाळी थंडी कडक पडली आणि लक्षात आलं, माझी कानटोपी त्यांच्याकडेच राहिली आहे. टोपी घ्यायची आणि निघायचं, एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवून मी गेलो. दहा वाजत होते.

साहेब टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, रविवार असून. टॅबलेट समोर, काठोकाठ भरलेला, लख्ख. शेजारी घरातला फोन. मला बघून त्यांनी फक्त खुर्ची दाखवली आणि नंबर लावला. त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या खोलीभर असतो.

"हाय बाबा! डेड अगेन?"

त्यांची मुलगी, रेवा. इथंच जन्मलेली. ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत संशोधन करते, एकटी राहते. बापाचं मराठी तिला समजतं, पण बोलते बहुतेक इंग्रजीत.

"नाही गं," साहेब म्हणाले. "चालतोय."

"रिअली? वाव. ओके. सो... एव्हरीथिंग ओके?"

"हो, हो. तिकडे स्नो?"

"टन्स. बाबा, इफ इट्स वर्किंग, आय'ल कॉल यू लेटर? लॅबला जायचंय."

"जा, जा. नुसतं सांगायला केला होता."

फोन बंद झाला. तेवढ्या वेळात माझा एक बूटसुद्धा काढून झाला नव्हता.

"पोरगी कामात असेल," मी म्हणालो. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण निघून गेलं.

"असतेच," साहेब म्हणाले. चिकटपट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "टॅबलेट तिनंच दिलेला. त्यामुळे बिघडला की तिला विचारायचं, असा आमचा करार. दर रविवारी दहा वाजता. ती म्हणते, दोन्ही बटणं दाबून धर. मी धरतो. मग तो सुरू व्हायला अकरा मिनिटं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. आणि ती फोन ठेवत नाही. सुरू झाला की नाही ते कळेपर्यंत थांबते."

"अकरा मिनिटं नुसती थांबून काय करते?"

"काय करणार? बोलते."

मी दुसरा बूट काढायचा थांबलो.

"सायकलवरून पडली होती ऑक्टोबरमध्ये. सात टाके पडले. ते मला कसं कळलं? बटणं दाबून बसलो होतो तेव्हा. एकदा म्हणाली, आईसारखी आमटी करून बघितली, चिंच नव्हती, लिंबू पिळलं, आईची आठवण आली म्हणून सगळी संपवली. हे ती मुद्दाम फोन करून सांगेल का? नाही सांगायची. तिची आई होती तेव्हा त्या दोघी तासन्‌तास बोलायच्या, मी फक्त विचारायचो, सगळं ठीक ना? आता एकदम बाप येऊन गप्पा मारायला लागला तर तिलाही अवघड आणि मलाही. पण वाट बघताना माणूस बोलतो, मिस्त्री."

मला बशीतला तो लोकरीचा बोळा आठवला, आणि माझा मलाच राग आला.

"मग सांगायचं की बंद पडलाय म्हणून," मी म्हणालो. "तिला काय दिसतंय इथलं?"

साहेब ताठ झाले. "खोटा रिपोर्ट? मी? चाळीस वर्षं पुलांवर सही केली आहे. उभा असलेला पूल पडला म्हणून मी कधी लिहिलं नाही."

ह्या माणसापुढे काय बोलायचं. मी टोपी घेतली आणि घरी आलो. सुनेनं जेवायला वाढलं, ते कसंबसं गिळलं. दुपारभर खिडकीशी बसून होतो. इथली दुपार म्हणजे समोरून एक कुत्रं जातं, त्यामागे माणूस जातो, मग अंधार. मुलगा वरच्या खोलीत होता. त्यानं एकदा डोकावून विचारलं, "बाबा, सगळं ठीक ना?" मी म्हणालो, ठीक. तो गेला.

मग मला माझी गिऱ्हाइकं आठवली. ज्यांचा पंप जुना होता, ती मला वर्षातून एकदा भेटायची. जुन्या पंपाची खोड त्यांना पाठ असायची, कुठं लाथ मारली की चालू होतो तेही. पण ज्यानं नवा पंप घेतला, तो वर्षभर माझ्या दारात. मिस्त्री, हा आवाज कसला? मिस्त्री, हे बटण कशाचं? मिस्त्री, जरा येऊन जा. वस्तू चांगली असायची, बिघाड काही नसायचा. माणसाला ती कळत नसायची, एवढंच. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

म्हणजे मी वर्षभर चारचौघांत जे सांगत फिरलो, ते चुकलं होतं. हे कबूल करायला मला ती अख्खी दुपार लागली. त्र्याहत्तरीत माणूस सहज वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, कोट घातला आणि दुकान उघडायच्या आधी साहेबांच्या दारात उभा राहिलो.

"गाडी काढा," मी म्हणालो.

"आज सोमवार आहे."

"असू दे. नवा टॅबलेट घ्यायचाय."

"पण जुना तर आता छान चालतोय. तुम्हीच म्हणत होता, चालती वस्तू..."

"मी म्हणत होतो ते चूक होतं. जुन्यातलं तुम्हाला सगळं येतं. नव्यातलं काय येतं, सांगा?"

साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. पुलाखाली उभं राहून बघत असतील तसे. मग आत जाऊन गाडीची किल्ली घेऊन आले.

डॅनानं खोका काउंटरवर ठेवला तेव्हा तिचाच विश्वास बसत नव्हता. तिनं हातातली कात्री उघडली आणि म्हणाली, मी लगेच उघडून सगळं चालू करून देते, तुमचे जुने फोटोसुद्धा आत घालते, दहा मिनिटांचं काम. साहेबांनी मला मराठीत सांगितलं ती काय म्हणतेय ते. आणि चष्मा काढून पुसत राहिले.

मी पुढं झालो. खोका तिच्या हाताखालून ओढून घेतला, छातीशी धरला, आणि मला येतं तेवढं सगळं इंग्रजी बोललो.

"नो ओपन," मी म्हणालो. "डॉटर."